प्रश्न आणि प्रकरण



सूत्रपाठाच्या अभ्यासकाला आरंभीच एक अडचण येते. सूत्र लहान असते, कित्येकदा दोन-चार शब्दांचेच. परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी ते कोणास, कोणत्या प्रसंगी, कोणत्या पृच्छेवरून निरूपिले हे कळल्यावाचून त्याचा अर्थ निश्चित होत नाही. केशिराजबासांनी लीळांतील वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. त्यामुळे पाठांतर सुकर झाले, पण वचन प्रसंगापासून सुटे झाले. म्हणून पुढे 'प्रकरणवश' हा ग्रंथ रचावा लागला. वचनामागील प्रसंग सांगण्यासाठी वेगळा ग्रंथ व्हावा, यावरून पूर्वाचार्य उत्तराइतकेच पुसणाऱ्यालाही महत्त्व देत होते, हे उघड आहे.

महादाइसा सतत पुसत, त्या जाणून घेण्यासाठी. म्हाइंभटही आरंभी पुसावयास आले, पण विद्वत्तेचा अभिमान बाळगून, वाद जिंकण्यासाठी. बाहेरून दोन्ही पृच्छाच. स्वामींना दोघांचे अंतःकरण उघडे होते, कारण ते सर्वज्ञ. आपण तसे नाही. म्हणून ज्याला दुसऱ्याचे मन दिसत नाही, त्याने ऐकण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत. 'हा कुतर्काने पुसतो', 'हिला केवळ मिरवायचे आहे' असा निवाडा मनात आधीच करून बोलणारा निरूपणकार नकळत सर्वज्ञपणाचा आव आणतो. हा दोष अज्ञानाहून लहान नव्हे, आणि तो प्रस्तुत लेखकाकडून घडला आहे.

एक वृद्ध वासनिक निरूपणानंतर थांबत आणि पुसत, "बाबा, स्मरणाची मोजणी चुकली, तर पहिल्यापासून करावी का?" पहिल्या खेपेस मी आचार, दोष, प्रायश्चित्त यांविषयी बराच वेळ बोललो. ते "बरं" म्हणाले आणि दंडवत करून गेले. महिन्याने पुन्हा तोच प्रश्न. मी तेच उत्तर दिले, थोडे तुटकपणे. मनात म्हटले, यांना ग्रहण नाही. दोन्ही वेळा शास्त्रदृष्ट्या माझे काही चुकले नव्हते, हेच आज अधिक बोचते.

तिसऱ्या वेळी, कंटाळूनच म्हणा, मी उलट पुसले, "आजोबा, मोजणी चुकते तरी कोठे?"

ते बराच वेळ हातातील गाठीकडे पाहत राहिले. मी बोलावयास तोंड उघडले होते; सुदैवाने आवरले. मग ते म्हणाले, "बाबा, काल नातवाचं नाव तोंडी आलं नाही. उद्या देवाचंच आठवलं नाही, तर मी कोणाचा?"

तीन महिने ते हेच पुसत होते. मोजणीचा प्रश्न विचारण्याजोगा होता, म्हणून त्यांनी तो पुढे केला. भय चारचौघांत पुढे करता येत नाही. असे भय बहुधा नियमाचा, तिथीचा, विधीचा वेष घेऊन येते, आणि नियम जाणणारा माणूस वेषालाच उत्तर देऊन मोकळा होतो. नागदेवाचार्यांनी संस्कृतात पुसणाऱ्या विद्वान शिष्यांना मराठीत पुसावयास लावले. आम्ही भाषा मराठी ठेवली खरी, पण ऐकताना कान मात्र पोथीकडेच ठेवला.

त्या दिवशी मी निरूपण केले नाही. आजोबांजवळ बसून नाम घेतले. ते जेथे अडले तेथे मी उच्चारले. सुनेला सांगितले की त्यांना एकदा वैद्यकीय तपासणीस न्यावे, आणि सायंकाळी घरातील कोणीतरी शेजारी बसून मोठ्याने स्मरण करावे.

पुढल्या महिन्यात ते आले. निरूपण संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "बाबा, मोजणी चुकली, तर पहिल्यापासून करावी का?" मी पोथी मिटली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.