श्रोता कुठं बसवायचा?

अहमदपुरात आमचं घर नांदेड-लातूर रस्त्यापासून फार लांब नाही. दिवसभर ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, लग्नसराईत बँड. म्हणून गाणं टिपायचं ते रात्री अडीचनंतर. पंखा बंद करायचा, फ्रिजची पिन काढायची, इन्व्हर्टरसुद्धा बंद करायचा, कारण त्याची बारीक गुणगुण कानाला कळत नाही पण माइकला बरोबर कळते. मग पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. त्या पाच मिनिटांत खोली स्वतः कशी वाजते ते ऐकू येतं. ध्वनिमुद्रणातलं मला जे थोडंफार कळलं आहे, ते बहुतेक या पाच मिनिटांत कळलं.

खोली दहा बाय बारा फुटांची. सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. याच जागी आधी आजोबांचं माळवदाचं घर होतं. हातभर रुंद मातीच्या भिंती, लाकडी खण, कोनाडे, कोपऱ्यात ज्वारीची कणगी, वळकट्यांची चळत. एकही पृष्ठभाग सरळ नव्हता, त्यामुळं आवाज कुठं जिरायचा, कुठं विखुरायचा, आणि उरलेला मऊ होऊन परत यायचा. आम्ही ते घर पाडलं तेव्हा ओल आणि उंदरांपासून सुटका झाली म्हणून खूश होतो. त्याच्याबरोबर एक आवाजही पाडला, हे पुढं पहिल्यांदा संत मन्मथस्वामींच्या अभंगांचं भजन नव्या खोलीत बसलं तेव्हा ध्यानात आलं. पखवाजाचा प्रत्येक ठोका खोलीभर घुमत राहिला आणि त्याच्याखाली शब्द बुडाले.

असं का होतं याचा हिशेब अवघड नाही. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंती दहा फुटांवर असतील तर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा सूर त्यांच्यामध्ये अडकतो आणि फुगतो. त्याच्या दुपटीचं, तिपटीचंही तेच. कणीक लावलेल्या पखवाजाचा खर्ज नेमका या पट्ट्यात येतो. आम्ही घरातल्या सगळ्या वाकळा भिंतींवर टांगल्या. टाळांचा चरचरीतपणा गेला, घुमणं जिथल्या तिथं राहिलं. हजार कंपनांच्या सुराची लाट ३४ सेंटिमीटरची असते. तिचा पाव भाग म्हणजे चार-पाच बोटं, म्हणून भिंतीपासून तेवढं अंतर सोडून टांगलेली जाड वाकळ तिला गिळते. शंभर कंपनांच्या लाटेचा पाव भाग ८५ सेंटिमीटर भरतो. तिथं वाकळेचं काही चालत नाही. शेवटी कापसाच्या गाद्या गुंडाळून चारही कोपऱ्यांत उभ्या केल्या, कारण खर्ज कोपऱ्यात साठतो, आणि पखवाजवाल्यांना भिंतीपासून दोन हात पुढं घेतलं. फरक पडला तो सगळ्यात जास्त त्या दोन हातांनी.

महागडा माइक घ्यावा का, असं मुलं विचारायला येतात. त्यांची ओढ मला कळते, कारण मीही पैसे साठवून ४८ व्होल्टचा पुरवठा लागणारा कंडेन्सर माइक घेतला होता. पण त्यांना मी आधी उलटा प्रश्न विचारतो: ऐकणारा कुठं बसलाय? माइक म्हणजे श्रोत्याची जागा. तोंडापासून चार बोटांवर माइक धरला की खर्ज आपोआप फुगतो, आवाज भारदस्त वाटतो आणि गाणाऱ्याला तो आवडतो. पण चार बोटांवर कान लावून गाणं कोण ऐकतं?

इथं मला शार्ङ्गदेव आठवतो. तेराव्या शतकात आपल्याच मराठवाड्यात, देवगिरीला, सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबाचं खातं सांभाळणारा हा माणूस. ‘संगीतरत्नाकर’ त्याचा. नाद देहात पाच ठिकाणी प्रकटतो असं तो सांगतो आणि त्या पाचांना नावं देतो: नाभीतला अतिसूक्ष्म, हृदयातला सूक्ष्म, कंठातला पुष्ट, मस्तकातला अपुष्ट आणि मुखातला कृत्रिम. तोंडातल्या नादाला त्यानं कृत्रिम म्हणावं, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. त्याची दृष्टी योगशास्त्राची होती, माइकशी तिचा संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रात्री तीन वाजता हेडफोन लावून ऐकताना त्याचं म्हणणं खरं वाटतं. आवाज फक्त तोंडातून येत नाही. छाती कापते, कपाळाची हाडं कापतात आणि या सगळ्यांचा मिळून एक माणूस होतो. तो जुळायला हातभर तरी अंतर लागतं. ओठांना चिकटलेल्या माइकला पाचव्या नादापलीकडचं फारसं ऐकूच येत नाही.

जुन्या लोकांना हे अंतर सांभाळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. फ्रेड गाइसबर्गनं १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं टिपलं तेव्हा वीज वापरणारा माइकच नव्हता. समोर एक कर्णा, आणि हातात जेमतेम तीन मिनिटं. आवाज मोठा-लहान करायचा तर माणसालाच पुढं-मागं सरकावं लागे. आमच्या भजनाला मी हीच रीत लावली. माइक एकच. गाणारा त्याच्यापासून दीड हातावर, पेटी थोडी बाजूला, म्हणजे भात्याची फुसफूस येत नाही, पखवाज चार हातांवर, टाळकरी पार दाराशी. यंत्रावर पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास. चोवीस बिटांत एवढी मोकळी जागा सोडायला हरकत नसते. नंतर दुरुस्त करायला फारसं उरत नाही, कारण सगळे एकमेकांना ऐकत वाजवतात.

थोर गायक अल्लादियाखाँ १९४६ साली गेले, आपल्या आवाजाची एकही तबकडी मागे न ठेवता. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. जिथं हवाच नाही तिथल्या श्रोत्याची जागा ठरवून त्या गायल्या नव्हत्या. त्या एका खोलीत, एका माइकसमोर गायल्या होत्या. तबकडीबरोबर ती खोलीही गेली.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींच्या ओव्या टिपायच्या ठरवल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या ऐकल्यापासून हे डोक्यात होतं. जात्याची घरघर नको म्हणून मी आजींना नुसत्याच खोलीत बसवलं. त्यांना दुसरी ओळ सुचेना. चाल हातात होती, गळ्यात नव्हती. खुंटा धरल्याशिवाय श्वास कुठं घ्यायचा तेच त्यांना कळेना.

मग त्यांच्याच घरी गेलो, पहाटे. पत्र्याखालची पडवी, खाली जातं. घरघर नको असल्यानं माइक मुद्दाम दाराशी, उंबऱ्याला लागून ठेवला. त्यांनी दहा-बारा ओव्या म्हटल्या. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मला वाटलं, स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकतायत, काहीतरी त्याबद्दल बोलतील.

“कोण ऐकायलंय हे?” त्यांनी विचारलं.

“कोण म्हणजे?”

“कोणतरी उंबऱ्यावर बसून ऐकायलंय बघ. परक्यावाणी.” हेडफोन माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “आत ये म्हणावं तिला.”

मी माइक उचलला आणि जात्यापासून दोन हातांवर, जिथं समोर बसणारी दुसरी बाई बसते तिथं, जमिनीवर पोतं अंथरून ठेवला. आजींनी खुंटा धरला, मूठभर ज्वारी घातली.