शिवीची किंमत



गोदावरीच्या पल्याड, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवीची किंमत ठरवून टाकली : ५०० रुपये. आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याने एवढा दंड भरावा, असा ठराव झाला. ऐकून हसू येणे साहजिक आहे. आपल्याकडे असा ठराव झाला, तर संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीची तिजोरी भरेल!

ठरावामागचे कारण मात्र हसण्यासारखे नाही. भांडण दोन पुरुषांचे असते. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, मोंढ्यात मापावरून ते पेटते. शिवी जाते ती घरी भाकरी थापत बसलेल्या बाईकडे. तिचा त्या भांडणाशी संबंध नसतो. ती तेथे हजरही नसते, मग उत्तर कसे देणार? भांडणारे दोघे चार दिवसांनी एकत्र चहा पितात. तिच्या अपमानाची आठवण कोणालाच राहत नाही.

“काय करणार, आमची भाषाच रांगडी,” असे आपण म्हणतो. ही सबब जरा तपासून पाहू या. पैठणच्या संत एकनाथांचे एक भारूड आहे. त्यात एक सासुरवाशीण भवानीला नवस बोलते, की सासरच्या एकेकाचा काटा निघू दे. भाषा रांगडी आहे, श्रोते पोट धरून हसतात. पण तेथे बोलते ती घरातली सर्वांत दुबळी, आणि हसता हसता तिचा जाच आपल्याला कळतो.

विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. सेन्सॉरने त्याला अडवले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटकाचा मार्ग मोकळा झाला. सखारामच्या तोंडी शिव्या आहेत. पण नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणून त्यांना राबवणाऱ्या पुरुषाचे मन त्या शब्दांतूनच उघडे पडते. ते ऐकताना प्रेक्षकाला स्वतःचीही लाज वाटू शकते.

तेव्हा शब्द सोवळा की ओवळा, एवढे पाहून भागत नाही. तो कोणाला लहान करतो, हे पाहावे लागते. प्रभू येशूने परुश्यांना सापाची पिल्ले म्हटले. पण ते वजनदार लोक होते, आणि प्रभू त्यांच्या तोंडावर बोलला. त्यांच्या आयाबहिणींना त्याने मध्ये ओढले नाही. संत पौल इफिसकरांना बजावतात, की तोंडून घाण शब्द निघू नये, ऐकणाऱ्याचे भले होईल तेच बोलावे.

आपले ऐकणारे कोण असते? ओट्यावर खेळणारे पाच वर्षांचे पोरही असते. त्याला शिवीचा अर्थ कळत नाही. पण राग आला की कोणाच्या तरी आईचे नाव घ्यायचे, एवढे ते शिकून जाते. पुढे तेच पोर नवरा होते, बाप होते.

दंडाची पावती फाडली की पंचायतीचा हिशेब मिटतो. जिचे नाव घेतले, तिचा हिशेब तसा मिटत नाही. म्हणून या आठवड्यात एवढे करून पाहू या : ज्याचा राग आला, त्याच्याशीच आणि त्याच्या चुकीबद्दलच बोलू. त्याच्या आईला त्या भांडणात ओढायला नको.