चहा सांडल्यानंतरचा काळ

"सांडल्यावर चांगला आठवडाभर चालला हो ताई, मग चहाचा काय संबंध?" लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या लॅपटॉपदुरुस्तीच्या गाळ्यात हा प्रश्न पावसाळाभर ऐकू येतो. विचारणारा खोटं बोलत नसतो. चहा सांडला, त्याने फडक्याने पुसला, लॅपटॉप पंख्याखाली उलटा ठेवला, रात्री सुरू केला तर झाला सुरू. मग एके दिवशी बटण दाबलं तर दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, पडदा काळा. कृती एका दिवशी, फळ भलत्याच दिवशी, आणि मधल्या दिवसांत दोघांना जोडणारं काहीच दिसलेलं नाही.

यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या मीमांसकांनी हाच प्रश्न यज्ञाबद्दल विचारला होता. यज्ञ संपतो, अग्नी विझतो, आहुतीची राख होते. स्वर्ग मिळायचा तो मेल्यावर. मग संपून गेलेली क्रिया फळ देते कशी? जैमिनींच्या सूत्रांत दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच हा विषय येतो. त्यांचे भाष्यकार शबरस्वामी यांचं उत्तर असं, की क्रिया संपली तरी तिच्यातून एक सामर्थ्य उरतं आणि ते फळ लागेपर्यंत टिकतं. त्याला ते अपूर्व म्हणतात. बादरायणांना हे पटलं नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात त्यांनी जैमिनींचं मत नाव घेऊन नोंदवलं आणि फळ ईश्वरच देतो, असा निकाल दिला. माझे आजोबा वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. जेवताना ते हा वाद दोन्ही बाजूंनी लढवायचे आणि मला एक बाजू घ्यायला लावायचे. मी तेव्हापासून जैमिनींकडची. चिप-लेव्हलचं काम करायला लागल्यापासून तर जास्तच.

कारण मधल्या काळात काय उरतं, ते मला मायक्रोस्कोपखाली दिसतं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण चहात नळाच्या पाण्यातले क्षार असतात, दुधातले असतात, आणि साखर असते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, साखरेचा चिकट थर ओल धरून ठेवतो. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डावर काही ठिकाणी व्होल्टेज असतंच. ओल, क्षार आणि व्होल्टेज एकत्र आले की एका पिनेवरचा धातू हळूहळू विरघळतो आणि शेजारच्या पिनेवर जाऊन साचतो. कनेक्टरच्या बारीक पिनांच्या मध्ये हिरवट पूड धरते. एक दिवस दोन पिना जोडल्या जातात, नाहीतर एक पिन झिजून तुटते. कोरड्या जानेवारीत हे काम रेंगाळतं. जूनमध्ये हवा दमट झाली की तेच क्षार पुन्हा ओल ओढून घेतात. हिवाळ्यात सांडलेला चहा असा पावसाळ्यात लॅपटॉप बंद पाडतो, आणि तोवर मालकाला त्या चहाची आठवणही नसते.

यात शिक्षा करणारा कुणी नाही. तितकाच चहा पडून एक बोर्ड मरतो, दुसरा वाचतो. अनेकदा फरक इतकाच असतो, की एकाने बॅटरी लगेच सोडवून घेतली आणि दुसऱ्याने चालतोय का बघायला पुन्हा पुन्हा बटण दाबलं.

पीएचडी करणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. प्रबंधाची शेवटची प्रकरणं त्यातच होती. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायचा मार्गही बंद होता, कारण डिस्क एन्क्रिप्ट केलेली, तिची किल्ली बोर्डावरच्या चिपशी बांधलेली, आणि रिकव्हरी की तिने कुठे लिहून ठेवलेली नव्हती. "जाऊ दे ताई, नशिबातच नव्हतं," ती म्हणाली. तोवर मी एक स्क्रूही काढला नव्हता.

बोर्ड उघडला. मुख्य लाइन शॉर्ट होती. अशा वेळी आम्ही त्या लाइनला पॉवर सप्लायवरून साधारण एक व्होल्ट देतो आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ब्रश फिरवतो. जिथे शॉर्ट असतो तिथे ऊब येते, आणि सगळा भाग ओला चमकत असताना तेवढाच ठिपका आधी सुकतो. तो सुकला एका कपॅसिटरवर, तांदळाच्या कणीहून लहान. तो काढला, आजूबाजूची पूड खरवडून धुतली, बोर्ड वाळवला. ३.३ आणि पाच व्होल्टच्या लाइनी परत आल्या, मग पडद्यावर पासवर्डची चौकट आली. प्रबंध जसाच्या तसा होता.

नशीब म्हणून हात टेकणं हाच कर्माचा सिद्धान्त, असं आपल्याकडे धरलं जातं. मला ते मान्य नाही. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायावर लिहिताना शंकराचार्यांनी प्रारब्धाला फार अरुंद जागा दिली आहे. ज्या कर्माने फळ द्यायला सुरुवात केली, तेवढंच भोगून संपवायचं. कुंभाराचं फिरतं चाक वेग ओसरेपर्यंत फिरतं, तसं. ज्याचं फळ अजून सुरूच झालेलं नाही, ते संचित ज्ञानाने नाहीसं होतं. जळालेला प्रोसेसर मी परत आणू शकत नाही. कनेक्टरखाली साचलेला क्षार मात्र आज धुता येतो. दोन्हींना एकच नाव देणं हा आळस आहे, आणि तो शास्त्राच्या नावावर खपवला जातो.

आणि इथे मी जैमिनींच्याही मागे जात नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला जन्मतः ऐकू येत नव्हतं. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला घरातल्याच एका बाईंनी त्या आईला मागच्या जन्मीचं पाप ऐकवलं. मी गिऱ्हाइकाला मायक्रोस्कोपपाशी बसवून हिरवी पूड दाखवते, मगच म्हणते की हे चहामुळे झालं. मागच्या जन्माचा असा उरलेला क्षार मला कुणी कधी दाखवलेला नाही. तो दाखवता येत नसेल, तर दुसऱ्याच्या दुःखाला कारण चिकटवण्याचा अधिकार कुणालाही नाही, मग त्याने शास्त्र कितीही पाठ केलेलं असो. बहिणीने मुलाची ऐकण्याची बेरा चाचणी करून घेतली, पुढे कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. आता तो बोलतो, आणि भांडतोही.

तेव्हा चहा सांडलाच तर आधी चार्जर काढा. पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप पूर्ण बंद करा. तांदळात ठेवू नका, त्याने क्षार जात नाहीत. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं. त्याच दिवशी बॅटरी सोडवून बोर्ड धुऊन देणाऱ्याकडे न्या. चालतोय का हे बघायला मात्र बटण दाबू नका.