बारा महिन्यांचा कागद

महिन्याचा हिशेब बहुतेक घरांत चोख असतो. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याची फुलीसुद्धा असते. तरी जून उजाडला की ओढाताण सुरू होते. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट. मग गणपती, दिवाळी; मध्येच विम्याचा हप्ता नि घरपट्टी. खरं तर यातलं काहीच अचानक आलेलं नसतं. आपण महिना धरून चालतो, खर्च मात्र वर्षाच्या चालीने येतात.

आपल्या आज्यांना हे नेमकं ठाऊक होतं. एप्रिल-मेच्या उन्हात गहू, तूरडाळ, मिरच्या, चिंच वर्षाची भरली जायची. गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात.

आज घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, एकत्र बसावं. वर्षातून एकदाच येणारे खर्च कागदावर मांडावेत. समजा, फी २४ हजार, विमा १२, सणवार १५, धान्य ९. झाले ६० हजार. बाराने भागा, महिन्याला ५ हजार. पगार झाला की तेवढे आधी बाजूला, शक्यतो आवर्ती ठेवीत.

आणि आईच्या स्वतःच्या खर्चाची ओळ आठवणीने लिहा. तिचा नवा चष्मा दरवर्षी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून मागे पडतो.