‘दिल्ली बघेल’ म्हणणारे उभे राहा

ग्रामसभेत औष्णिक केंद्राच्या धुराचा विषय निघाला, तेव्हा मागच्या रांगेतून “बाई, निकष दिल्लीचे, परवानगी मुंबईची, आपण चिखले गावची माणसं काय करणार?” असं म्हणणारे सगळे उभे राहा. तुम्हाला नागरिकशास्त्र मीच शिकवलं. म्हणून याला अज्ञान म्हणायला मी तयार नाही. हा आळस आहे.

अधिकार कुणाचा ते आधी ऐका. वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्राची आणि राज्याचीही. 1981 चा हवा कायदा संसदेने केला, पण त्याखालचं संमतिपत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. चिमणीतून काय, किती सोडायचं याची देशभरची मर्यादा 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दिल्ली ठरवते. एवढं तुम्हाला पाठ आहे. त्याच कायद्याच्या नियमांतला तिसरा नियम कधी उघडलात? त्याचा दुसरा उपनियम सांगतो की परिसराची स्थिती पाहून, कारणं लेखी नोंदवून, राज्य मंडळ केंद्रापेक्षा कडक निकष लावू शकतं. अमेरिकेतही 1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने राज्यांना अशीच मुभा ठेवली. तेव्हा दिल्लीने मुंबईचे हात बांधलेत ही सबब माझ्यापुढे चालणार नाही.

आणि ही सबब डहाणूत बसून सांगता? 20 जून 1991 ला केंद्राने आपला अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 500 मेगावॅटचं केंद्र होऊ दिलं. मात्र धुरातला गंधक काढणाऱ्या यंत्राची, एफजीडीची, अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नका असंही बजावलं. केंद्र 1995 मध्ये सुरू झालं, यंत्र मात्र आलं नाही. नर्गिस इराणींसारख्या इथल्याच माणसांनी कागद गोळा केले, बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर 1996 मध्ये निकाल आला, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. त्याने 1999 मध्ये यंत्र बसवण्याचा आदेश दिला. केंद्र चालवणाऱ्या कंपनीने वेळ काढला. प्राधिकरणाने 300 कोटींची बँक हमी मागितली, तेव्हा कुठे 2007 मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारं यंत्र चालू झालं. देशभरच्या औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लागली ती डिसेंबर 2015 मध्ये. आठ वर्षं आधी ते आपल्याकडे झालं, कारण इथल्या माणसांनी दिल्लीची वाट पाहिली नाही. तुम्ही त्यांच्याच वाड्यांचे चिकू विकता आणि त्यांचं नाव सांगता येत नाही. मला याची लाज वाटते.

आता 11 जुलै 2025 ची अधिसूचना घ्या. देशभरच्या केंद्रांना या यंत्रासाठी 2017 ची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढवली, आणि शेवटी देशातल्या बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूटच दिली. “आपल्याकडे यंत्र आहे, आपल्याला काय!” असं कुणीतरी पुटपुटलं. यंत्र बसवलेलं असणं वेगळं, रोज पूर्ण चालणं वेगळं. ते चालवायला वीज लागते, पैसा लागतो. देशात इतरांना माफी असताना आपलं यंत्र चालू आहे की नाही, हे 275 मीटर उंच चिमणीकडे बघून कळत नाही. सल्फर डायऑक्साइड दिसत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि ते श्वासावाटे फुप्फुसात खोल उतरतात.

प्राधिकरण आहे ना, असंही म्हणू नका. आपल्याच तालुक्यातल्या वाढवण बंदराला 1998 मध्ये नकार देणाऱ्या याच प्राधिकरणाने 2023 मध्ये होकार दिला. संस्था आपोआप जागी राहत नाही.

बसा, आणि लिहून घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क 10 रुपये. चिमणीवरच्या मापकाच्या वर्षभराच्या नोंदी आणि यंत्र बंद राहिल्याचे दिवस मागा. त्या हातात आल्यावर तिसऱ्या नियमाचा दुसरा उपनियम नमूद करून, नाजूक तालुक्याला कडक निकष लावा असा ग्रामसभेचा ठराव मंडळाला पाठवा. मसुदा मी तपासून देईन. सही मात्र तुमची हवी.