पुरे किती, हे कोण ठरवणार?

१९७०-७१च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या एका खातेदाराच्या वहितीखाली सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. आजोबांच्या साडेदहा एकरांचे नातवाच्या हाती सव्वातीन एकर उरले, आणि त्यातलेही बहुतेक कोरडवाहू. छोटी शेती हा आपल्याकडे कुणी निवडलेला आदर्श नव्हे; वाटण्या होत होत ती दारात येऊन उभी राहिली आहे. त्यामुळे ती चांगली की वाईट, परवडते की नाही, या वादात मला आता रस उरलेला नाही. सव्वातीन एकरांवर घर ताठ मानेने कसं चालेल, हा खरा प्रश्न आहे. तो शेतकऱ्याइतकाच शाळेचाही आहे, कारण त्या शिवारातलं मूल रोज पाच-सहा तास शाळेत बसतं आणि तिथे त्याला या सव्वातीन एकरांविषयी काहीही सांगितलं जात नाही.

दुसरीकडे शहरांत एक बोलणं वाढतं आहे. पुण्या-नाशिकच्या, ठाण्याच्या घरांत जेवणं झाल्यावर नवरा-बायको बोलत बसतात: नोकरी सोडावी, दापोलीकडे किंवा भोरकडे दोन एकर घ्यावेत, मुलाला घोकंपट्टीतून सोडवावं, गरजा कमी कराव्यात. या बोलण्याला पळपुटेपणा म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते मान्य नाही. मिळवलेले पैसे मिळवण्याच्या दगदगीतच खर्च होतात, हे ज्यांना आपल्या घरात दिसलं त्यांनी बोलायलाच हवं. दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी नोकऱ्या सोडून राहायला गेले, कमी गरजांचं जगणं त्यांनी आधी स्वतः जगून पाहिलं आणि ‘गतिमान संतुलन’ या मासिकातून त्याविषयी लिहीत राहिले. त्यांच्यामुळे कित्येक घरांत हा विषय जेवणाच्या पाटापर्यंत आला. हे काम लहान नाही.

पण ही दोन बोलणी एकमेकांना भेटत नाहीत. गावात ‘किती पुरे’ हे बाजार ठरवतो आणि शहरातल्या त्या घरात ते एकेका माणसाची सदसद्विवेकबुद्धी ठरवते. मला आशा वाटते ती तिसऱ्या ठिकाणी. उत्तर ज्यांना जगायचं आहे त्यांनीच एकत्र बसावं, हिशेब मांडावा, करून पाहावं आणि पुन्हा बसावं. महाराष्ट्रात असं बसण्याची परंपरा आहे, आणि आपण तिच्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही.

आधी हिशेबाचं. जे. सी. कुमारप्पा मूळचे तमिळ, शिक्षणाने हिशेबतपासनीस, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी आपली कर्मभूमी केली. त्यांची साधेपणाची कल्पना भावुक नव्हती. माणसाला समतोल आहारासाठी धान्य, डाळ, तेल, भाजी, दूध किती लागतं ते आधी काढायचं. मग तेवढ्यासाठी कोणत्या पिकाखाली किती जमीन हवी ते मांडायचं. उरेल त्यात नगदी पीक. आधी ताट, मग शेत. आज आपण नेमका उलटा क्रम लावतो. सोयाबीन किंवा कापूस विकून ताट भरेल असं मानतो, आणि भाव कोसळला की ताटातली डाळ पातळ होते. कुमारप्पांचा हा क्रम आजही कुठलीही ग्रामसभा एका बैठकीत करून पाहू शकते. त्याला तज्ज्ञ लागत नाही, घरोघरचा खाण्याचा अंदाज लागतो, आणि तो बायकांना तोंडपाठ असतो.

विनोबांनी १९५०मध्ये पवनारला याहून टोकाचा प्रयोग मांडला: पैशापासून मुक्ती आणि बैलांशिवाय, हाताच्या श्रमाने केलेली ऋषिशेती. पुढच्याच वर्षी ते तेलंगणात गेले आणि तिथे भूदान सुरू झालं. त्या प्रयोगाविषयी मला नितांत आदर आहे, पण ती आश्रमवासींची तपश्चर्या होती. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, आजारपणं असलेल्या घराला ती वाट दाखवता येत नाही.

अशा घराची वाट श्री. अ. दाभोळकरांनी शोधली. कोल्हापूरकडचे हे गणिताचे शिक्षक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी काम केलं. त्यांनी उभा केलेला ‘प्रयोग परिवार’ ही माझ्या मते महाराष्ट्राने जगाला दाखवावी अशी गोष्ट आहे. शेतकऱ्याला व्याख्यान द्यायचं नाही, शिफारशींचा कागद द्यायचा नाही. तू काय केलंस, काय निघालं, शेजाऱ्याने काय केलं, फरक का पडला, एवढंच विचारायचं. आणि एकाच्या वावरात उमजलेलं दुसऱ्याच्या वावरापर्यंत पोचवायचं. तासगाव परिसरातले द्राक्षबागायतदार या परिवारात घडले. कुठल्याही पदवीशिवाय ते वेलीच्या पेऱ्यांबद्दल आणि पांढऱ्या मुळीबद्दल संशोधकाच्या बारकाईने बोलू लागले.

दाभोळकरांची मांडणी पानापासून सुरू होते. पीक म्हणजे साठवलेलं ऊन, आणि ऊन गोळा करण्याचं काम पान करतं. मग शेताचं मोजमाप एकरात कशाला करायचं? किती चौरस फूट हिरवं पान किती दिवस उन्हात कामावर होतं, हे मोजावं. पान गर्दीत सावलीला गेलं तर ते फुकट जातं. लवकर पिवळं पडलं तर उरलेल्या दिवसांचं ऊन वाया जातं. पान टिकवायचं तर पांढरी मुळी जिवंत हवी, मुळीसाठी माती भुसभुशीत आणि कुजलेल्या काडीकचऱ्याने भरलेली हवी. काडीकचरा तर शेतातच असतो, आपण तो पेटवून देतो. या साखळीतून ते अशा निष्कर्षाला आले की पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे, म्हणजे पाव एकर, नीट जोपासले तर पुरू शकतात. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांचं सगळं म्हणणं आलं.

दहा गुंठ्यांचा आकडा कोकणातल्या जांभ्याला आणि मराठवाड्यातल्या पाऊस हुकलेल्या वर्षाला जसाच्या तसा लागू पडेल, असं मी म्हणणार नाही. पण त्या आकड्याचं मोल तो पडताळून पाहता येतो यात आहे. कुणीही एका वाफ्यात करून पाहू शकतो आणि दाभोळकरांशी भांडू शकतो. ‘निसर्गाकडे चला’ या हाकेशी असं भांडता येत नाही. जिथे आकड्यावरून भांडता येतं तिथे माणसं पुन्हा बोलायला येतात.

वावरात उमजलेलं शाळेपर्यंत मात्र पोचत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आता सर्वांना माहीत आहे; त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती २०२०मध्ये. वालाच्या, हुलग्याच्या, भाताच्या, भाज्यांच्या गावरान वाणांचं बी त्यांनी जमवलं, राखलं आणि इतर बायकांना दिलं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. बहुतेक सत्कारांत हे वाक्य कौतुकाने म्हटलं जातं आणि तिथेच सोडलं जातं. मला ते टोचतं. एका बाईच्या डोक्यात एवढं वनस्पतिशास्त्र आहे आणि तिच्या गावातल्या शाळेच्या पुस्तकात त्यातलं अक्षर नाही, तर शाळेत न गेल्याने तिचं जेवढं राहून गेलं त्याहून अधिक शाळेचं राहून गेलं आहे.

शाळेविषयी विचार करताना २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या तारखांकडे यावंच लागतं. त्या दोन दिवसांत वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीमची रूपरेषा ठरली: हाताचा उद्योग हा विषयांपैकी एक विषय न ठेवता त्याच्यातूनच सगळे विषय शिकवायचे. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची का, हा आक्षेप तेव्हाच उठला आणि तो रास्त होता. सरकारी शाळांत पुढे नई तालीमचं झालं ते टकळीचं कर्मकांड. पण सेवाग्रामला २००५मध्ये ‘आनंद निकेतन’ शाळा नव्याने सुरू झाली. तिथली मुलं भाजीचे वाफे करतात, स्वयंपाकात हात लावतात, सूत काततात, आणि त्यातून क्षेत्रफळ, हिशेब, भाषा शिकतात.

मला मात्र सगळ्यात जवळची वाटते ती कुरणशाळा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत का येत नाहीत? कारण दिवसभर ती गुरं-शेरडं चारायला जातात. यावर सरकारी उत्तर सक्तीचं असतं. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. गुरं चरतात, मुलं झाडाखाली शिकतात. बालशिक्षणाची महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून बिया, खडे, पानं, शिंपले यांवर गणती सुरू झाली. यात साधेपणाचा डौल नव्हता. मुलाचं काम खरं आहे आणि त्याच्या घराची गरज खरी आहे, हे आधी मान्य केलं होतं. शिक्षणातला पर्याय शोधणाऱ्या आजच्या पालकांनी हा क्रम पाहावा. त्यांच्या पर्यायाची सुरुवात बहुधा ‘माझ्या मुलाला काय हवं’ इथून होते. कोसबाडची सुरुवात ‘हे मूल येत का नाही’ इथून झाली होती.

१९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातलं काम सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले. गाव दुष्काळी पट्ट्यातलं. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. शाळा सोडलेली, नापास झालेली मुलं वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, रोपवाटिका, पशुपालन, माती-पाण्याची तपासणी असं सगळं शिकू लागली, आणि तेही गावाला खरोखर लागणाऱ्या कामांवर. जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेणं, कमी खर्चाची घुमटाकार घरं उभी करणं ही कामं मुलांनी केली. जुन्या जीपच्या भागांपासून छोटा ट्रॅक्टरही तिथे बनला. काम करताना चूक झाली की भौतिकशास्त्राचा नियम विचारावाच लागतो, हा कलबागांचा अनुभव. पुढे हा अभ्यासक्रम शाळांमध्येही गेला; आठवड्यातला एक दिवस मुलं हातांनी काम करतात. पाबळने साधेपणा आणि यंत्र यांचं वैर संपवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या यंत्राचा नट गावातल्या पोराला खोलता येतो, त्याच्याशी वैर धरण्याचं कारण नाही.

आता बोलण्याची रीत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सर्वांना माहीत आहे. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. हक्काची गोष्ट सगळे सांगतात. मी अभ्यासगटाची सांगतो. या गावात दोन बैठका वेगळ्या आहेत. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, हवे ते प्रश्न विचारायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. शिकलेला माणूस बोलायला लागला की गावकरी मान डोलावतात आणि त्याच्या मनासारखा ठराव होतो, हे आपण शेकडो गावांत पाहिलं आहे. मेंढ्याने तो रस्ताच बंद केला. अभ्यासात सगळ्यांना येऊ द्यावं. ठरवताना मात्र ज्यांना भोगायचं आहे तेच असावेत. मध काढताना पोळं जाळायचं नाही, माशा मरू द्यायच्या नाहीत, ही रीत याच अभ्यासातून पुढे आली.

शहरातून गावाकडे निघालेल्यांनी ही शिस्त सोबत घ्यावी. गावात पहिली काही वर्षं त्यांनी फक्त अभ्यासगटात बसावं.

काही गोष्टी अशा आहेत की ज्यांना टाळून ही चर्चा करू नये. साध्या जगण्याचा भार कुणाच्या पाठीवर येतो? घरचं दळण, घरचे पापड-मसाले, चुलीवरचा स्वयंपाक, विहिरीचं पाणी हे सगळं लेखात सुंदर दिसतं, पण त्याचे तास बाईच्या दिवसातून कापले जातात. पुरुषाने पोळ्या लाटायला आणि भांडी घासायला घेतली नसतील, तर त्या घरातला साधेपणा अर्धा आहे असं मी स्पष्ट म्हणेन. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आज गावही तयार नाही. त्यासाठी मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. आईचं आयुष्य त्यांनी पाहिलेलं असतं. ज्या दिवशी सात-बाऱ्यावर बाईचं नाव असेल आणि सांजेला तिचेही हात रिकामे असतील, त्या दिवशी ही गाठ सुटायला लागेल. आणि भाव. छोट्या शेतकऱ्याने ताट सांभाळलं तरी दवाखाना, कॉलेज, वीज यांना रोख पैसा लागतोच. शहरातल्या पंधरा-वीस घरांनी एकत्र येऊन एका शेतकऱ्याशी वर्षभराचा भाव आधी बोलून ठेवला, तर ते साधेपणावरच्या कुठल्याही लेखाहून उपयोगी ठरेल. त्या बोलण्यात घासाघीस व्हावी, शेतकऱ्याने खर्च उघडून दाखवावा, गिऱ्हाइकाने आपलं बजेट दाखवावं.

शाळांसाठी एक मागणी मात्र आत्ताच करता येईल. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, कारागिरांकडे, शेतकऱ्यांकडे जाऊन शिकण्यासाठी. दहा दिवसांत सहल होते, शिक्षण होत नाही. पेरलेलं उगवून फुलावर यायलाच कित्येक आठवडे लागतात. पाबळचा अनुभव पाठीशी आहे, तेव्हा आठवड्यातला एक दिवस मागावा. त्या दिवशी गावातला गवंडी, सुईण, बी राखणारी आजी, मोटार दुरुस्त करणारा पोरगा हे शिक्षक असतील, त्यांना त्याचं मानधन मिळेल, आणि वाफ्यावर निघालेली भाजी शाळेच्या पोषण आहारात वजन करून जमा होईल. तो वार कोणता, हे मंत्रालयातून येऊ नये. बाजाराचा दिवस, पाणी सुटण्याची पाळी आणि मजुरीचा हंगाम पाहून गावानेच तो ठरवावा आणि दर हंगामाला बदलावा.