टिकून राहण्याची किंमत

एखादे कुटुंब संकटातून टिकले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिकलेले असते? नाव, वंश, घर, की आणखी काही? आणि ज्यांच्या बळावर ते टिकले, त्यांनी त्यासाठी काय गमावले, याचा हिशेब कोणी ठेवावयाचा? रशियातील ज्यू कुटुंबांच्या अनेक पिढ्यांची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्या वाचताना हा प्रश्न वारंवार समोर उभा राहतो. या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी बहुधा स्त्रिया असतात. युद्ध, अटक आणि हद्दपारी यांत पुरुष आधी नाहीसे झाले. मुले वाढविणारी, रांगेत उभी राहणारी, कागद जपणारी अथवा जाळणारी आजी तेवढी मागे उरली.

या समाजाचा इतिहास थोडक्यात ध्यानात घ्यावयास हवा. १७९१ साली दुसऱ्या कॅथरीनच्या कारकिर्दीत ज्यूंच्या वास्तव्यासाठी साम्राज्याच्या पश्चिम भागात हद्द आखून देण्यात आली. ती १९१७ पर्यंत कायम होती. १८८१ नंतर ज्यूविरोधी दंगलींच्या लाटा उसळल्या. क्रांतीने बंधने दूर केली, शिक्षणाची दारे उघडली. परंतु १९३२ पासून सुरू झालेल्या अंतर्गत पासपोर्टातील राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘ज्यू’ हा शब्द येऊन बसला. जानेवारी १९५३ मध्ये तर डॉक्टरांच्या कथित कटाचा आरोप जाहीर झाला आणि त्यांतील बहुतेक नावे ज्यूंची होती.

ल्युडमिला उलित्स्काया यांची ‘याकोबची शिडी’ ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली. १९७५ मध्ये आजी मारुस्या निधन पावते आणि नात नोरा हिच्या हाती जुन्या पत्रांची पेटी येते. नोरा ती घरी आणते, परंतु कित्येक वर्षे उघडत नाही. पुढे पत्रे वाचताना आजोबा याकोब आणि आजी यांचे कीव्हमधील तारुण्य, त्यांचे प्रेम, संगीत व पुस्तकांविषयीची ओढ तिला उमगत जाते. उलित्स्काया यांनी आपल्या आजोबांच्या खऱ्या पत्रांचा या कादंबरीसाठी उपयोग केला आहे. याकोब हद्दपारीत असताना मारुस्याने त्याच्याशी घटस्फोट घेतला, हा या कथेतील सल आहे.

तिने विश्वासघात केला काय? उत्तर देण्याची घाई करू नये. ऑगस्ट १९३७ च्या एका आदेशान्वये ‘देशद्रोही’ ठरविलेल्यांच्या पत्नींना केवळ पत्नी म्हणून छावण्यांत धाडले गेले आणि त्यांच्या मुलांची रवानगी अनाथाश्रमांत झाली. ज्या राजवटीत नातेसंबंध हाच अपराध ठरतो, तेथे निष्ठेची किंमत मुलांना मोजावी लागते. तथापि मारुस्याचा निर्णय केवळ भीतीपोटी होता असेही म्हणता येत नाही. नव्या विचारसरणीवर तिची श्रद्धा होती, मनात कटुताही होती. भीती, श्रद्धा आणि राग यांची अशी सरमिसळ असता दोषाचे वाटे नीट पाडता येत नाहीत. लेखिकाही ते पाडीत नाही. मात्र ती काही लपवीतही नाही.

येथे चिवटपणाविषयीची आपली प्रचलित कल्पना अपुरी पडते. टिकून राहणे हाच सद्गुण मानला, तर जे टिकले नाहीत ते दुर्बल होते असा निष्कर्ष निघेल आणि तो अन्यायाचा होय. वासिली ग्रॉसमन यांची आई सप्टेंबर १९४१ मध्ये बर्दिचेव्ह येथील हत्याकांडात मारली गेली. तिला वेळीच मॉस्कोस आणले नाही, ही खंत त्यांना जन्मभर होती. ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीत त्यांनी एका आईचे, ॲना श्ट्रुमचे, वस्तीच्या कुंपणाआडून मुलास लिहिलेले अखेरचे पत्र रचले. ॲना वाचत नाही. तिचे माणूसपण मात्र शाबूत राहते. या कादंबरीचे हस्तलिखित १९६१ मध्ये जप्त झाले, ती परदेशात १९८० मध्ये आणि मायदेशी १९८८ मध्ये छापली गेली. तेव्हा चिवटपणाची कसोटी कोण जगले ही नसून, काय जपले गेले ही आहे.

शासकीय सेवेत आयुष्य घालविल्यामुळे आणखी एक गोष्ट मनाला भिडते. अनेक घरांनी भयापोटी पत्रे नष्ट केली. छळणाऱ्या यंत्रणेने मात्र फायली जतन केल्या. ऑक्टोबर १९९१ च्या कायद्याने नातेवाइकांना त्या पाहण्याचा मार्ग मोकळा झाला. फायलीत तारीख असते, सही असते. सही करताना हात का थरथरला, याची नोंद नसते. ती उणीव कादंबरी भरून काढते.

परंतु सारे काही उघड करण्याचा अधिकार वंशजांना आहे काय? मारिया स्तेपानोवा यांच्या २०१७ मधील ‘स्मृतीच्या स्मृतीस’ या ग्रंथात त्यांचे वडील आपल्या तरुणपणीच्या पत्रांचा वापर करू देण्यास नकार देतात. जिवंत माणूस नाही म्हणू शकतो. मृतांना ती सोय नाही. म्हणून त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याची जबाबदारी अधिक.

मला वाटते, संकट डोक्यावर असताना पाळलेले मौन हे संरक्षण असते. संकट सरल्यावर तेच मौन पुढच्या पिढीवरचे ऋण होते. आपल्या वाट्याला तसा छळ आला नाही, त्यामुळे बरोबरी करू नये. परंतु मूळ प्रदेशापासून दूर नांदलेल्या आपल्या घरांतही मोडीतील पत्रांची गाठोडी असतात, आणि कोणा आत्याचे अथवा काकूचे नाव निघताच वडीलधारी मंडळी विषय बदलतात. तिच्या सोसण्याचे गोडवे गाण्यापेक्षा तिच्यावर काय ओढवले, हे विचारणे अधिक आदराचे ठरेल.

आणि हे विचारण्यास फार उशीर करू नये. उलित्स्काया यांनी २०२२ मध्ये रशिया सोडला. पेटी उघडण्यास अनुकूल असा काळ नेहमी लाभतोच असे नाही.